‘ह’च्या पुढची अक्षरं

कुरुंदकर, कुलकर्णी, कुळकर्णी, कुसुमाग्रज. लेखकसूचीची पहिली छापील प्रत हाती आली आणि ग्रंथपाल काकांचं बोट तिसऱ्या नावाशी थांबलं. कवी तु. शं. कुळकर्णी मराठवाड्याचे. त्यांची पुस्तकं कोणत्या कपाटात, कितव्या फळीवर आहेत, हे काका न बघता सांगतात. “मॅडम, ह्यानं ळ ला ल च्या मांडीला मांडी लावून बसवलाय की,” ते म्हणाले. “आपल्याकडं ळ ह च्या नंतर येतोय. कुसुमाग्रज आधी, कुळकर्णी मागून.”

मॅडम नांदेड जिल्ह्यातल्या नायगावच्या एका महाविद्यालयात सी भाषा शिकवतात. तालुक्यातल्या एका सार्वजनिक वाचनालयाची दाखल नोंदवही संगणकावर चढवायची आणि तिच्यातून लेखकांची आणि ग्रंथनामांची अकारविल्हे सूची काढायची, हे काम त्यांनी विद्यार्थ्यांचा प्रकल्प म्हणून घेतलं होतं. १९६७च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायद्यानंतर राज्यात गावोगावी अनुदानित वाचनालयं उभी राहिली, त्यांपैकीच हे एक. तिथं लाकडी खणांत कार्डं होती, त्यांवर काकांचं वळणदार अक्षर होतं आणि कार्डांचा क्रम काकांच्या डोक्यात पक्का होता. तो क्रम काका निवृत्त होण्याआधी कागदावर यावा, अशी मॅडमची मनापासून इच्छा होती. त्यामुळे काकांचा आक्षेप त्यांना तक्रार वाटला नाही. खऱ्या कामाला सुरुवात तिथूनच झाली.

स्प्रेडशीटमध्ये एक बटण दाबून हे काम झालं असतं, असं कुणीही म्हणेल. मॅडमनी सी निवडली, कारण दुसऱ्या वर्षाची मुलं तीच शिकत होती. आणि दुसरं कारण असं की सी मध्ये या बाबतीत काही झाकलेलं राहत नाही. यादी लावणारं फंक्शन वेगळं आणि दोन नावांत कोण आधी ते ठरवणारं फंक्शन वेगळं. पहिल्याचं नाव क्यूसॉर्ट. ते सी च्या मानक ग्रंथालयात, म्हणजे स्टँडर्ड लायब्ररीत, तयार मिळतं, पण त्याला क्रमाबद्दल स्वतःचं कसलंही मत नसतं. त्याला चार गोष्टी द्याव्या लागतात: यादी कुठून सुरू होते, घटक किती आहेत, एक घटक किती बाइटचा आहे आणि तुलना करणाऱ्या फंक्शनचा पत्ता. क्यूसॉर्ट दोन घटक उचलतं, त्या फंक्शनपुढे ठेवतं आणि उत्तराची वाट पाहतं. उत्तर ऋण आलं तर पहिला आधी, धन आलं तर दुसरा आधी, शून्य आलं तर दोघे सारखे. बस्स. मराठीचा क्रम, तेलुगूचा क्रम, पुस्तकाच्या किमतीचा क्रम, सगळं त्या एका फंक्शनमध्ये मावतं.

ब्रायन कर्निघन आणि डेनिस रिची यांच्या सी वरच्या पुस्तकात फंक्शनच्या पॉइंटरचं प्रकरण समजावलं आहे ते याच उदाहरणानं. ओळी लावणारा एक छोटा प्रोग्राम, आणि त्याला बाहेरून सांगायचं की तुलना अक्षरांनी कर किंवा आकड्यांनी कर. पुढे स्वाध्यायात मोठी-लहान लिपी एक मानून क्रम लावायला सांगितलं आहे, आणि ‘डिरेक्टरी’ क्रमात फक्त अक्षरं, अंक आणि रिकाम्या जागा धरून बाकीची चिन्हं सोडून द्यायला सांगितलं आहे. आपल्याकडे हे स्वाध्याय बहुतेक वर्गांत वगळले जातात. मॅडमच्या मते त्या पुस्तकातला सर्वांत उपयोगी भाग तोच आहे, आणि नायगावच्या प्रयोगशाळेत तो पटला.

मुलांनी पहिल्या आवृत्तीत तुलनेला स्ट्रकम्प वापरलं होतं. त्यांना तेच शिकवलं गेलं होतं. स्ट्रकम्प दोन शब्द बाइटमागून बाइट बघत जातं, पहिला फरक दिसला की लहान बाइटवाल्याला आधी म्हणतं आणि थांबतं. त्याला अक्षर ठाऊक नाही. इंग्रजीतसुद्धा ते झेड या मोठ्या अक्षराला लहान ए च्या आधी बसवतं, कारण आस्कीत मोठी अक्षरं ६५ ते ९० आणि लहान ९७ ते १२२. देवनागरी युनिकोडमध्ये लिहिली आणि यूटीएफ-८ रूपात साठवली की एका अक्षरचिन्हाला तीन बाइट लागतात. पण यूटीएफ-८ची रचना अशी हुशारीची आहे की बाइटांनी केलेली तुलना आणि युनिकोड क्रमांकांनी केलेली तुलना यांचं उत्तर एकच येतं. म्हणजे स्ट्रकम्पनं लावलेली मराठी यादी ही युनिकोडच्या तक्त्यातल्या क्रमाची यादी असते.

आता तो तक्ता बघू. ल चा क्रमांक २३५४, ळ चा २३५५, व चा २३५७, ह चा २३६१. ळ असा ल ला चिकटून का बसला, याचं कारण नायगावपासून बरंच लांब आहे. भारतीय मानक ब्यूरोनं १९९१ मध्ये इस्की ही संकेतप्रणाली मानक म्हणून स्वीकारली. तिच्यात सगळ्या भारतीय लिप्यांसाठी एकच सामाईक आराखडा होता, म्हणजे देवनागरीतला क जिथे, तिथेच तेलुगूतला, कन्नडातला, बंगालीतला क. युनिकोडनं त्याच घराण्याचा, १९८८चा आराखडा उचलला आणि प्रत्येक लिपीला १२८ खणांचा एक पट्टा दिला. एका लिपीतून दुसरीत जायला तो फार सोयीचा. त्या सामाईक आराखड्यात ल आणि ळ उच्चारानं जवळचे म्हणून शेजारी आले. व्यवस्था म्हणून त्यात वावगं काही नाही. फक्त ती कोणत्याही एका भाषेच्या शाळेतल्या तक्त्यावरून बनलेली नाही.

आणि शाळेतला तक्ता काय सांगतो? य र ल व श ष स ह ळ क्ष ज्ञ. नायगावच्या वर्गात आणखी एक गोष्ट निघाली. इथून देगलूर, बिलोलीकडे गेलं की तेलंगणाची हद्द लागते आणि काही मुलांच्या घरी तेलुगू बोलली जाते. त्यातल्या एका मुलीनं आजीकडून शिकलेली तेलुगू मुळाक्षरं फळ्यावर लिहिली. तिथंही ळ ह च्या नंतरच. कन्नडातही तसंच. हिंदीच्या मुळाक्षरांत ळ नाहीच, त्यामुळे हिंदी याद्यांना हा प्रश्न पडत नाही. म्हणजे काकांचा आक्षेप एकट्या मराठीचा नव्हता. या सगळ्या टापूची अक्षरओळ तशी आहे.

स्ट्रकम्पची यादी मात्र ढोबळमानानं बरोबर दिसते, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. स्वर आधी, मग व्यंजनं. क नंतर का, कि, की, कु. सगळ्या बाराखडीनंतर जोडाक्षरं. कमल आधी, काम नंतर, प्रकाश पौ च्याही नंतर. छापील कोशात असतं तसंच. चुकीच्या जागा थोड्या आहेत, म्हणून त्या नजरेआड होतात. नांदेड जिल्ह्याचे सोळा तालुके स्ट्रकम्पनं लावले तर एकही नाव जागा सोडत नाही, कारण त्या सोळांत ळ नाही. गावं घेतली की फरक पडतो. कवठा, कहाळा, कळंब असा आपला क्रम. यंत्र कळंब, कवठा, कहाळा असं लावतं. नायगाव तालुक्यात घुंगराळा आहे, रातोळी आहे; मराठवाड्यात टाकळी आणि पिंपळगाव तर पावलोपावली आहेत. ळ टाळून इथली कुठलीही यादी होत नाही.

दुसरी गोष्ट निघाली ती ज्ञानेश्वरीवर. ग्रंथनाम सूचीत मुलं ती शेवटच्या पानावर शोधत होती आणि ती सापडली ज च्या शेवटी, झ च्या आधी. युनिकोडमध्ये ज्ञ नावाचं स्वतंत्र अक्षरच नाही. ज, हलंत आणि ञ असे तीन क्रमांक एकामागोमाग येतात आणि फॉन्ट त्यांचं एक चित्र काढतो. क्ष चंही तेच. श्री. के. क्षीरसागर म्हणून क च्या तळाशी गेले. इथं मॅडमना एकदम निर्णय देता येईना, कारण परंपरा दोन आहेत. वामन शिवराम आपट्यांच्या संस्कृत-इंग्रजी कोशात क्ष क च्या पोटातच मिळतो आणि ज्ञ ज च्या. ते शब्दाच्या घडणीला धरून आहे. शाळेच्या तक्त्यात मात्र दोघे शेवटी, स्वतंत्र अक्षरांसारखे. राज्य शासनानं ६ नोव्हेंबर २००९च्या निर्णयात मराठी वर्णमाला नक्की केली, तिच्यात क्ष आणि ज्ञ यांची विशेष संयुक्त व्यंजनं म्हणून वेगळी नोंद आहे.

“तुमच्या कपाटात कसं हाय काका?” एका विद्यार्थ्यानं विचारलं.

काकांनी खण ओढून दाखवला. शेवटच्या खणात ह, मग ळ ची कोरी पाटी, कारण ळ नं मराठी शब्द सुरू होत नाही, मग क्ष, मग ज्ञ. “लेकरं शेवटीच बघतेत,” ते म्हणाले, “म्हणून मी शेवटीच ठेवलंय.”

मुलांनी लगेच नियम लिहिला: क, हलंत, ष असे तीन क्रमांक दिसले की त्यांचं एक वजन धरायचं आणि ते ळ च्याही पुढचं. यादी पुन्हा काढली आणि ‘शिक्षण’ हा शब्द ‘शिळा’च्या खाली गेला. काकांनी मान हलवली. शिक्षण शिकवणी-शिकारीच्या जवळ हवं, लोक तिथं बघतात. मग नियम असा झाला: क्ष आणि ज्ञ शब्दाच्या सुरुवातीला असतील तर शेवटचं वजन, मध्ये असतील तर क आणि ज च्या घरात. ळ चा नियम मात्र सगळीकडे सारखा. अशी बारीक विभागणी कुठल्या पुस्तकात लिहिलेली नव्हती. ती कार्डांच्या खणात आणि काकांच्या हातात होती. कित्येक वर्षं वाचकांनी कुठं शोधलं आणि कुठं सापडलं नाही, यातून ती घडली होती.

अनुस्वाराचा प्रश्न त्याहून जुना आहे. बाराखडी म्हणते क, का… कौ, कं, कः; म्हणजे कंधार कौठ्यानंतर यायला हवं. हिंदी कोश अनुस्वार सगळ्यांत आधी घेतात. संस्कृत कोश अंक हा शब्द अङ्क धरून ङ च्या जागी पाहतात. युनिकोडमध्ये अनुस्वाराचा क्रमांक २३०६, म्हणजे सगळ्या स्वरव्यंजनांच्या आधी. काकांच्या खणात कांबळे कानेटकरांच्या आधी होते. तिथं यंत्राचं आणि काकांचं एकमत निघालं, म्हणून त्या जागेला हात लावायचा नाही असं ठरलं. मॅडमनी तो निर्णयही प्रोग्रामच्या माथ्यावर टिपणीत लिहून ठेवायला लावला. जे बदललं नाही तेही ठरवूनच बदललेलं नाही, हे पुढच्याला कळायला हवं.

सगळ्यांत जास्त वेळ खाल्ला तो एकाच शब्दाच्या अनेक लिखाणांनी. छत्रपती संभाजीनगरचे लक्ष्मण देशपांडे यांचं ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ हे नाव टंकलेल्या नोंदींत एकापेक्षा जास्त रूपांत होतं, आणि पडद्यावर सगळी रूपं हुबेहूब सारखी दिसत होती. कुणाच्या कळफलकानं ऱ हे एकच अक्षर दिलं होतं. कुणाच्या कळफलकानं र आणि त्याखाली नुक्ता. जुन्या पद्धतीनं टंकणाऱ्यानं र, हलंत आणि त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह. डोळ्याला एक, स्ट्रकम्पला तीन वेगळे शब्द. यादीत ते तीन ठिकाणी विखुरले आणि वाचनालयाकडे त्या पुस्तकाच्या प्रती किती, याचा हिशेबच लागेना.

ॲ ची गोष्ट तशीच. २००८ साली आलेल्या युनिकोडच्या ५.१ आवृत्तीपर्यंत ॲ ला स्वतंत्र क्रमांक नव्हता. तोवर लोक अ वर चंद्र देऊन काम भागवत होते, आणि अजूनही अनेक जण तसंच लिहितात. नवा क्रमांक मिळाला तो २४१८, ह च्या पुढे, मराठी आकड्यांच्याही पुढे. त्यामुळे रत्नाकर मतकरींची ‘ॲडम’ एका पद्धतीनं टंकली तर अ च्या शेवटी येते आणि दुसऱ्या पद्धतीनं टंकली तर अख्ख्या सूचीच्या तळाशी जाते. एकच कादंबरी, सूचीच्या दोन टोकांना.

मॅडमनी सांगितलेला मार्ग असा. आधी प्रत्येक नावाचे बाइट वाचून युनिकोड क्रमांक काढायचे. अदृश्य जोडचिन्हं गाळायची. ऱ, नुक्तावाला र आणि जोडचिन्हवाला र हे तिन्ही साध्या र च्या वजनावर आणायचे. चंद्र दिलेला अ आणि नवा ॲ हे एक करायचे. कर्निघन-रिचींच्या स्वाध्यायात मोठी-लहान लिपी एक मानायची असते, ती कल्पना इथं अशी उपयोगी पडली. मग १२८ खणांचा एक अॅरे: प्रत्येक देवनागरी चिन्हाला आपलं वजन. त्या अॅरेत ळ च्या खणात ह पेक्षा मोठा आकडा. मूळ सुधारणा एवढीच, एका खणातला एक आकडा. बाकी सगळं ते तिथवर नीट पोचावं यासाठी.

असं प्रत्येक नावाचं वजनांच्या ओळीत रूपांतर केलं की त्या ओळीला मॅडम ‘किल्ली’ म्हणतात. तुलना नावांची करायची नाही, किल्ल्यांची करायची. याचा एक फायदा वेळेचा: दहा हजार नोंदी लावताना क्यूसॉर्ट तुलना-फंक्शनला साधारण सव्वा-दीड लाख वेळा हाक मारू शकतं, आणि दर हाकेला क्ष, ऱ, ॲ यांची शोधाशोध करण्यापेक्षा ती प्रत्येक नावासाठी एकदाच केलेली बरी. सी च्या मानक ग्रंथालयात स्ट्रएक्सफर्म नावाचं फंक्शन याच विचारानं दिलेलं आहे. पण मॅडम ज्यासाठी किल्लीचा आग्रह धरतात ते कारण वेगळं आहे.

तुलना-फंक्शननं शब्द पाळला पाहिजे. पहिला दुसऱ्याच्या आधी आणि दुसरा तिसऱ्याच्या आधी म्हटलं, तर पहिला तिसऱ्याच्या आधी म्हणावंच लागतं. विद्यार्थी जेव्हा एकेका अपवादासाठी जर-तर लिहीत जातात, म्हणजे इथं ळ असेल तर असं, तिथं क्ष असेल तर तसं, तेव्हा ही संगती कुठे तुटते ते कळतही नाही. मग यादी कधी बरोबर येते, कधी दोन नावं उगाच उलटतात, आणि नोंदी वाढल्या की चूक जागा बदलते. आकड्यांच्या बाबतीत तर वजाबाकी करून उत्तर परत करायची सवय फार पसरलेली आहे. निळ्या पडद्याच्या जुन्या टर्बो सी मध्ये इंट दोनच बाइटचा, ३२७६७ पर्यंत जाणारा. ३०००० मधून उणे १०००० वजा केले की उत्तर हद्दीबाहेर जाऊन ऋण होतं आणि मोठा आकडा लहान ठरतो.

हा केवळ नीटनेटकेपणाचा प्रश्न नाही, हे जानेवारी २०२४ मध्ये जगापुढे आलं. क्वालिस या सुरक्षा-कंपनीच्या संशोधकांनी दाखवलं की लिनक्सवर सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या जीलिबसी ग्रंथालयातल्या क्यूसॉर्टला असं विसंगत तुलना-फंक्शन दिलं आणि घटकांची संख्या प्रचंड असली, तर काही परिस्थितीत ते यादीच्या हद्दीबाहेरच्या स्मृतीला हात घालतं. हा दोष १९९२ पासूनचा होता. मानक सांगतं की विसंगत फंक्शन देणं हीच चूक. तरीही ग्रंथालय दुरुस्त केलं गेलं. मॅडमनी ती बातमी वर्गात वाचून दाखवली. वजनांची एक सरळ ओळ आणि तिच्यावरून केलेली तुलना कधीच शब्द फिरवत नाही, कारण प्रत्येक नावाची किल्ली त्या नावावरूनच ठरते, समोर कोण आहे यावरून नाही. शब्दाच्या सुरुवातीचा क्ष वेगळा आणि मधला वेगळा, हा काकांचा अवघड नियमही त्यामुळे बिनधोक बसला.

दोन किल्ल्या तंतोतंत सारख्या निघाल्या तर? तेव्हा शेवटी स्ट्रकम्पलाच विचारायचं. क्यूसॉर्ट सारख्या घटकांचा मूळ क्रम राखण्याची हमी देत नाही, म्हणून ‘सारखे’ हे उत्तर शक्यतो देऊच नये. नाहीतर एकाच नोंदवहीची सूची दोन संगणकांवर दोन प्रकारे छापली जाऊ शकते. या शेवटच्या पायरीचा एक अनपेक्षित लाभ झाला. वऱ्हाडाची सगळी रूपं आता एकाखाली एक आली आणि दुबार नोंदी नजरेनं पकडता आल्या.

मुलं खरी अडली ती भलत्याच ठिकाणी. क्यूसॉर्ट तुलना-फंक्शनला घटक देत नाही, घटकाचा पत्ता देतं. यादी नावांच्या पत्त्यांची असेल तर हाती येतो तो पत्त्याचा पत्ता. एक पायरी विसरली की प्रोग्राम नावांऐवजी स्मृतीतले आकडे तुलनेला घेतो आणि यादी निव्वळ विस्कटते, तीही तक्रार न करता. फळ्यावर बाणांच्या आकृत्या काढून हे समजावायला इतर सगळ्यापेक्षा जास्त तास गेले.

तयार सोय नाही का, हा प्रश्न एका हुशार मुलानं विचारला, आणि तो रास्त होता. आहे. १९८९च्या सी मानकापासून स्ट्रकोल नावाचं फंक्शन आहे. ते स्थानिक भाषेच्या नियमांनी तुलना करतं, मात्र आधी सेटलोकेल म्हणून त्या भाषेची निवड करावी लागते. युनिकोड कन्सॉर्टियमच्या सीएलडीआर या माहितीसंचातही मराठीच्या क्रमाचे वेगळे नियम नोंदलेले आहेत. पण प्रयोगशाळेतल्या संगणकांवर मराठीचं लोकेल बसवलेलंच नव्हतं, आणि तसं असलं की सेटलोकेल शून्य परत करून गप्प बसतं. ते उत्तर तपासलं नाही, तर स्ट्रकोल निमूटपणे बाइटांच्या क्रमावर चालतं आणि आपल्याला वाटतं की मराठी क्रम लागला. मॅडमनी दोन्ही करून दाखवलं. त्यांचं मत स्पष्ट आहे: तयार सोय जरूर वापरावी, पण आपल्या यादीचा क्रम काय असायला हवा हे आधी आपल्याला सांगता आलं पाहिजे, नाहीतर तयार सोय बरोबर चालली की चुकली हे कोण ठरवणार? काकांच्या बोटाइतकी चांगली चाचणी त्यांच्याकडे दुसरी नव्हती. त्यांनी ती चाचणी म्हणूनच लिहून काढली: नावांची एक लहान यादी, काकांनी हातानं लावलेली, आणि प्रोग्राममध्ये काहीही बदललं की आधी ती यादी ताडून पाहायची.

क्रमाला किती मोल असतं, हे नायगावकरांना सांगावं लागत नाही. ८९ क्रमांकाचा नायगाव विधानसभा मतदारसंघ इथलाच. १९५१च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यानुसार मतपत्रिकेवर उमेदवारांचे तीन गट होतात, मान्यताप्राप्त पक्षांचे, नोंदणीकृत पण मान्यता नसलेल्या पक्षांचे आणि उरलेले, आणि प्रत्येक गटात नावं वर्णक्रमानं लागतात. नावावरून ठरलेली ती जागा मग यंत्रावरच्या बटणाची जागा होते. निकालाची यादी, शिष्यवृत्तीची यादी, घरकुलाची यादी; माणूस आपलं नाव जिथं असायला हवं तिथं शोधतो. तिथं ते दिसलं नाही की तो समजतो, आपलं नाव आलंच नाही. काळे आडनावाच्या मुलानं कासार, काशीकर यांच्या खाली बघायचं की वर, हे त्याला शाळेनं एकदा शिकवलेलं आहे. यादी करणाऱ्यानं ते मोडू नये, याबद्दल मॅडम फार आग्रहानं बोलतात.

वाचनालयाची सूची आता हवी तशी लागते. युनिकोडपूर्व फॉन्टांत टंकलेल्या जुन्या नोंदी मात्र अजून बाजूला ठेवलेल्या आहेत. त्या फॉन्टांत पहिली वेलांटी अक्षराच्या आधी साठवलेली असते, कारण ती दिसते आधी; त्यामुळे किनवट, शिरूर, बिलोली सगळे वेलांटीच्या एकाच ढिगाऱ्यात गोळा होतात आणि कोणतंही तुलना-फंक्शन त्यांना सोडवू शकत नाही. आधी रूपांतर, मग क्रम. ते काम यंदाच्या तुकडीकडे आहे.

आणखी एक मागणी आली आहे, गावांच्या यादीची. तिथं टाकळी बुद्रुक आणि टाकळी खुर्द यांत कोण आधी, हा प्रश्न आहे. अक्षरानं ख ब च्या आधी येतो, पण गावातले लोक बुद्रुक आधी म्हणतात, मोठं गाव म्हणून. कंसातलं ‘बु.’ आणि ‘खु.’ वेगळं काढून त्याला दुसऱ्या पातळीचं वजन द्यायचं, की सरळ अक्षरक्रमानं जायचं, हे अजून ठरलेलं नाही. वॉर्ड २ आणि वॉर्ड १० यांचाही गुंता आहे. अक्षर म्हणून पाहिलं तर १० आधी येतो, आणि काही नोंदींत आकडे मराठी तर काहींत इंग्रजी आहेत. मुलांनी त्यासाठी आकड्यांची लांबी आधी आणि किंमत नंतर पाहणारी किल्ली लिहायला घेतली आहे. बुद्रुक-खुर्दाचं मात्र त्यांनी तलाठी कार्यालयात आणि दोन्ही टाकळ्यांत जाऊन विचारायचं ठरवलं आहे.